कुंपणाचं वळण

"भाऊजी, हे गेले," सकाळी वहिनींचा फोन आला आणि मी विचारलं, "मामीकडे?"

पलीकडून हुंदका आला तेव्हा कळलं. दोन महिने होत आले, त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही. दोष मात्र दत्ताभाऊंचाच. संरक्षित क्षेत्राला अरबीत 'महमिया' म्हणतात. सौदीत हाइलच्या वाटेवरच्या आमच्या महमियाची निफाडच्या या इंजिनिअरनं मामी करून टाकली होती. थंडीत दर शुक्रवारी निरोप यायचा, मामीकडे निघालोय, येतोस का?

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला नुसते दगड दिसले. रियाधमध्ये पाण्याच्या पाइपलाइनी टाकण्यात उमेदीची वर्षं घालवलेले दत्ताभाऊ मात्र खडकावर पालथे पडून ओरखड्यांवरून बोटं फिरवत होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथून हिमनदी सरकत गेली, हे ओरखडे तिचे, ही दरीही तिनेच कोरलेली, हे सांगताना त्यांना धाप लागली. या वाळवंटात बर्फ! पुढे पाऊस झाला, दरीतल्या खोलगट जागी तळं साचलं आणि लाल पायांच्या शेकाट्यांचा थवा उतरला. साठीला आलेला हा माणूस आनंदानं माझा दंड पिळत राहिला. भान माझंही सुटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग महमियाला कुंपण घालायचं ठरलं. आखणीची रेघ सरळ गेली आणि तळं नेमकं बाहेर राहिलं, म्हणजे जीपगाड्यांच्या चाकांखाली. दत्ताभाऊंचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपायला तीन महिने उरले होते. रजा टाकून, मोडक्यातोडक्या अरबीत, ते महमियाच्या कार्यालयात खेपा घालत राहिले. अखेर एक अधिकारी कंटाळून त्यांच्याबरोबर आला. चाकाच्या खुणेपासून वीतभर अंतरावर शेकाटीची चार अंडी होती. तो उकिडवा बसून बघत राहिला... मग म्हणाला, "खलास, ठरलं. तळं आत." परतताना दत्ताभाऊ गाडीत एक मिनिट गप्प बसले नाहीत. आणि खांब रोवायच्या आधीच त्यांच्या हृदयानं दगा दिला.

कायमचं नाशिकला परतण्याआधी वहिनींना ते कुंपण बघायचं होतं. तार मैलभर सुतासारखी सरळ येते आणि तळ्याशी एकदम पोट काढून वळते. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला अडवलं; आता आत कुणालाच सोडत नाहीत. मी तावातावानं सांगू लागलो, की या बाईंच्या नवऱ्यामुळेच... वहिनींनी मला थांबवलं.

"राहू द्या, भाऊजी. यानं आपल्याला आत सोडलं असतं, तर हेच त्याच्याशी भांडले असते."

आणि त्या वळणावरची तार धरून, डोळे पुसत, त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या.