तेरा औंसांचा अडकित्ता

बंडोपंत परसोडकरांनी उभ्या आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नव्हतं, पण वर्धा जिल्ह्यात जेवढी पिस्तुलं होती तेवढी सगळी त्यांच्या लेखणीखालून गेली होती. एकतीस वर्षं ते कचेरीत हत्यारांच्या परवान्यांच्या टेबलावर बसले. कोणत्या मालगुजाराकडे कोणती बंदूक, तिचा नंबर काय, परवाना कधी संपतो, हे सारं त्यांना तोंडपाठ. लोक त्यांना बंदूकबाबू म्हणत. बाबू मात्र असा, की दिवाळीत शेजारच्या पोरानं साधी टिकली वाजवली तरी बसल्या जागी दचकायचा.

ते निवृत्त झाले १९५२ साली. पुढच्या वर्षी पोळा झाला आणि त्यांची एकुलती एक मुलगी इंदिरा समुद्रपुराहून दोन दिवसांसाठी घरी आली. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. भाऊबंदांनी तिच्यासाठी माजघराचा कोपरा आणि जपमाळ सुचवली. बंडोपंतांनी कोणाचं न ऐकता तिला नागपूरला नर्सचं शिकायला पाठवलं. त्या सरळ, घाबरट माणसाच्या हातून झालेलं तेवढंच एक धाडस. आता ती समुद्रपूरच्या दवाखान्यात नर्स होती आणि आसपासच्या गावांतून बाळंतपणाचं बोलावणं आलं, की रूपरावच्या बैलांच्या रेंगीत बसून जायची. वेळ ना काळ, बोलावणं कधीही यायचं.

भात वाढताना तिची बाही वर सरकली. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

"हे काय?" बंडोपंतांनी विचारलं.

"पिंपळखुटीच्या नाल्यावर दोघं जण पिऊन उभे होते. रेंगी अडवली. रूपरावनं बैल हाकायची तुतारी उगारली तसे पळाले."

"आणि रूपराव नसता तर?"

"तो असतोच, बाबा."

"पण नसता तर?"

इंदिरानं कढीची वाटी पुढं सरकवली. "भात थंड होतोय," ती म्हणाली.

ही नोकरी सोड, असं तिला म्हणण्याची बंडोपंतांची छाती नव्हती. तिला त्या वाटेवर लावणारे तेच. मग उरलं काय? त्यांना ठाऊक असलेला उपाय एकच होता, आणि तो त्यांच्या जुन्या टेबलावरून जात होता. आता, ज्या वर्ध्यात सकाळी शेजारच्या ओसरीवर चार जण सूत कातायला बसत, तिथं पिस्तुलाचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा बंडोपंतांनी इंदिराशिवाय कोणाला पत्ता लागू दिला नाही. चांभाराकडे न्यायला पाऊल कागदावर काढतात, तसा त्यांनी इंदिराचा उजवा हात एका फुलस्केप कागदावर पेन्सिलीनं काढून घेतला आणि सकाळच्या गाडीनं नागपूर गाठलं.

सीताबर्डीवर बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. म्हाताऱ्या दुकानदारानं कुणासाठी पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा बंडोपंतांनी कोटाच्या खिशातून कागद काढला आणि काचेवर पसरला. दुकानदारानं चष्मा वर करून तो पंजा पाहिला. एवढ्या वर्षांत असं माप त्याच्याकडे कोणी आणलं नसावं, पण तो हसला नाही.

पहिल्यांदा त्यानं कोण्या गोऱ्या साहेबानं विकून टाकलेलं रिव्हॉल्व्हर ठेवलं. ते त्या पंजाच्या चहूबाजूंनी बाहेर आलं. "हे बाई उचलेपर्यंत समोरचा घरी जेवून येईल," असं म्हणून दुकानदारानंच ते बाजूला केलं. दुसरं मधल्या मापाचं होतं, दिसायला देखणं, पण त्याची किंमत ऐकून बंडोपंतांनी पाण्याचा पेला मागितला. तीन महिन्यांची पेन्शन गेली असती. तिसरं बेल्जियमचं होतं, कोणीतरी वापरलेलं, मुठीचा एक टवका उडालेला. ते कागदावर ठेवलं तर पंजात बसलं आणि बोटं बाहेर उरली.

"पॉइंट टू फाइव्ह," बंडोपंत पुटपुटले. हा आकडा त्यांनी रजिस्टरात किती वेळा लिहिला होता याची गणती नव्हती. ते पिस्तूल एवढंसं असतं हे त्यांना आज कळलं.

"लांबचं नाही लागत यानं," दुकानदार खरं ते बोलला. "चार-पाच पावलांवर काम करतं. पण बाईमाणसाच्या पिशवीत राहतं. तेरा औंस वजन. हातात घेऊन तर पाहा."

बंडोपंतांनी हात मागे बांधले. "हे दाखवलं की समोरचा थांबेल ना?"

"थांबला तर थांबला," दुकानदार म्हणाला.

बंडोपंतांनी थोडा बयाणा दिला आणि परवाना येईपर्यंत ते ठेवून घ्यायला सांगितलं.

घरी आल्यावर नवी काळजी लागली. इंदिराची पिशवी आधीच जड. तिच्यात कात्री, दोरा, साबण, औषधाच्या बाटल्या, रबरी कापड, पोरं तोलायचा स्प्रिंगचा काटा. त्यात आणखी तेरा औंस तिला झेपतील का? त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा एक लोखंडी अडकित्ता होता. किराणावाल्याच्या तराजूत घालून पाहिला, तर जवळपास तेवढाच भरला. त्यांनी खाकी कापडाची एक लहान थैली शिवली, तीत अडकित्ता घातला, तोंड नाडीनं घट्ट बांधलं आणि इंदिराच्या पिशवीत ठेवून दिला.

"हा वागवून पाहा. जड वाटला तर सांग. परवाना आला की याच्या जागी ते पिस्तूल ठेवू."

"आणि तोवर कोणी अडवलं तर काय, सुपारी कातरून देऊ?" इंदिरा म्हणाली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी बापलेक एकदम हसले.

अर्ज बंडोपंतांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला, इंदिराची सही घेतली आणि कचेरीत जाऊन कृष्णकांतच्या पुढ्यात ठेवला. कृष्णकांत त्यांच्या हाताखाली तयार झालेला. आता तो त्यांच्या खुर्चीवर बसायचा, पण त्यांना पाहून अजून उठून उभा राहायचा.

"बाईमाणसाचा अर्ज आहे, साहेब," तो हळूच म्हणाला. "चालचलणुकीची चौकशी लागते. ती आपण इथल्या इथं निपटवून टाकू. तुम्हीच दोन नावं द्या, मी वर ठेवतो."

तो नियम बंडोपंतांचाच होता. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी एक टिपणी लिहिली होती: अर्जदार स्त्री असल्यास तिच्या राहत्या ठिकाणी आणि कामाच्या गावांत पाच प्रतिष्ठित इसमांना तिच्या वर्तणुकीबद्दल विचारावं. इंग्रज साहेबानं तिच्यावर शाबासकीचे दोन शब्द लिहिले होते. ते दोन शब्द बंडोपंतांनी कितीतरी वर्षं बायकोला ऐकवले होते, ती असेपर्यंत.

"नियम दुसऱ्यांच्या मुलींसाठी केला होता का मी?" ते कृष्णकांतला म्हणाले. "होऊ दे चौकशी. माझ्या मुलीच्या बाबतीत विचारायला भ्यावं असं आहे काय?"

नव्हतंच काही. म्हणून तर त्यांना आपली चूक दिसली नाही. सोनं कसाला लावायला भ्यायचं कशाला, एवढाच त्यांचा हिशेब. बाईचं नाव पोलिसानं चावडीवर उच्चारलं, की ते पुन्हा पहिल्यासारखं राहत नाही, ही गोष्ट एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं चावडीवर पाठवणाऱ्या या माणसाला ठाऊक नव्हती. नियम चांगला होता, अक्षर चांगलं होतं, आणि कागद गेला.

परवाना फाल्गुनात आला. बंडोपंतांनी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, हाताचा तो कागदही घेतला, आणि इंदिराला नागपूरला घेऊन जायचं म्हणून सकाळच्या मोटारीनं समुद्रपूरला उतरले. दवाखान्याच्या ओट्यावरचा बाक रिकामा होता. एरवी त्यावर बसायला जागा नसायची. आत इंदिरा पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत बसली होती. ती वाळली होती.

"रूपराव दिसला नाही बाहेर," बंडोपंत म्हणाले.

"तो कापूस वाहतो आता. बोलावणंच येत नाही, तर इथं बसून काय करेल?"

परवाना काढायला खिशाकडे गेलेला त्यांचा हात तिथंच राहिला. इंदिरानं सांगितलं ते असं. पौषात शिपाई आला. पाच गावं फिरला. प्रत्येक चावडीवर त्यानं चार माणसांत विचारलं: नर्सबाईची चाल कशी आहे, ती कोणाच्या घरी जाते, तिला पिस्तूल कशाला पाहिजे.

"सगळ्यांनी चांगलंच सांगितलं, बाबा," इंदिरा म्हणाली. "पण मी चांगली आहे का, असं त्याआधी त्यांना कोणी विचारलंच नव्हतं."

मग लोक बोलू लागले. पोलीस काऊन विचारून गेला? काही असल्याशिवाय विचारतो का? बाईच्या मागे कोणी लागलं आहे, की बाई कोणाच्या मागे आहे? तशात पिंपळखुटीत नवीच गोष्ट उठली, की पिस्तूल तर बाईच्या पिशवीत आहेच. हातात धरून पाहणारं माणूस गावात आहे.

"पिंपळखुटीच्या धुरपताचं पहिलं बाळंतपण माझ्याच हातचं," इंदिरा गुंडाळी करता करता म्हणाली. "दुसरं मूल आडवं होतं. दोन दिवस अडून राहिली ती. अर्ध्या कोसावर मी होते, हातपाय धुऊन बसलेली. मला कोणी बोलावलं नाही. मूल वाचलं, ती गेली."

 बंडोपंत आतल्या बाकावर बसले. नंतरही त्यांना त्या दिवसाचं आठवायचं ते एवढंच, की इंदिरा रडत नव्हती आणि तिच्या हातातल्या गुंडाळ्या सगळ्या सारख्या होत होत्या.

दुपारी एक म्हातारी लुगड्याच्या पदरात पोर गुंडाळून दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. ती भागीरथा, धुरपताची सासू. पोर दोन महिन्यांचं होतं, शेळीच्या दुधावर कसंबसं तगलेलं.

"दूध टिकत नाई याच्या पोटात," ती म्हणाली. "पाहून दे, बाई." पण तिची नजर इंदिराकडे नव्हती. ती कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहत होती.

इंदिरा उठली. तोलायचा काटा पिशवीतच होता. ती पिशवी घेऊन वळली तशी भागीरथा पोराला छातीशी धरून दोन पावलं मागे सरली.

"नाही मावशी, भिऊ नका," इंदिरा म्हणाली, आणि तिनं भुईवर बसून पिशवी पालथी केली. कात्री, दोऱ्याची रिळं, साबण, बाटल्या, काटा. शेवटी खाकी थैली पडली आणि फरशीवर लोखंड वाजलं.

"थे," भागीरथा बोट दाखवून म्हणाली. "थेच. दिवाळीच्या मागं तू आमच्या शेजारी आल्ती तवा रेंगीतून तुई पिशवी म्याच उतरवली. हात आत गेला न् हे लागलं. भारी, लोखंडाचं, नाडीनं बांधलेलं. तवा मले काई समजलं नाई. मंग शिपाई आला न् पिस्तुलाचं इचारू लागला, तवा समजलं. पोरगी हाका मारून राह्यली होती, नर्सबाईले बलवा म्हणे. म्याच नाई म्हणलं. पिस्तूल घेऊन फिरते थे बाई, घरात नको म्हणलं म्या."

इंदिरानं नाडी सोडली. अडकित्ता बाहेर काढून तिनं म्हातारीच्या समोर ठेवला. भागीरथा वाकली. तिनं तो उचलला, दोन बोटांनी उघडला, मिटला. असा अडकित्ता तिच्याही घरी असणार.

"पिस्तूल कोठी हाये मंग?"

"नाही, मावशी. कधी नव्हतंच."

भागीरथाला कळायला वेळ लागला. मग ती तिथंच बसली. पोर रडायला लागलं तरी तिचं लक्ष गेलं नाही. "म्याच नाई म्हणलं," असं ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू आवाजात.

बाकावर बसलेल्या बंडोपंतांकडे कोणी पाहत नव्हतं. इंदिराही नाही. ती गप्प राहिली असती, जन्मभर राहिली असती, हे त्यांना ठाऊक होतं. सगळं त्या म्हातारीच्या माथ्यावर ठेवून ते संध्याकाळच्या मोटारीनं घरी जाऊ शकले असते. ते उठले.

"तो अडकित्ता माझा आहे, बाई," ते म्हणाले. "पिशवीत मी ठेवला. शिपाईही माझ्यामुळंच आला. यात हिचं काही नाही. तुमचंही नाही."

भागीरथानं वर पाहिलं. धोतर, कोट, टोपी घातलेला हा म्हातारा कोण, हे तिनं विचारलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बंडोपंतांनी त्या उभ्यानं ऐकल्या असत्या. ती म्हणाली, "सुपारीचा हाये, असं सांगाले पाह्यजे होतं, बाप्पा." आणि अडकित्ता तिनं त्यांच्या हातात दिला.

इंदिरानं पोराला काट्याच्या झोळीत घातलं. पावणेसात पौंड भरलं. दुधात पाणी किती घालायचं ते तिनं म्हातारीला दोनदा समजावून सांगितलं आणि आठ दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं. "आनतो," भागीरथा म्हणाली.

परवाना बंडोपंतांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत परत केला. तसा एक छापील कागद भरावा लागतो, आणि त्यात कारणाचा रकाना असतो. त्यांनी लेखणी उचलली, पण एकतीस वर्षं लोकांची कारणं तपासलेल्या माणसाला स्वतःचं कारण लिहिता येईना. कृष्णकांतनं कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग त्यानंच 'गरज उरली नाही' असं लिहिलं. बंडोपंतांनी ते वाचलं, आणि ती सोळा वर्षांपूर्वीची टिपणी फायलीतून काढता येईल का म्हणून विचारलं.

"आता कशी काढणार, साहेब?" कृष्णकांत म्हणाला. "सगळ्या तहसिलींत तीच चालते."

बंडोपंतांनी मान हलवली आणि कागदाच्या खाली सही केली.