दहाव्याची भाषणं आणि माझा ब्लॉग

ब्लॉग का लिहायचा, हे मला पुण्यातल्या एका कार्यशाळेत फी घेऊन शिकवलं होतं. 'तुमचा हेतू शोधा,' असं गळ्यात मफलर घातलेल्या गुरूंनी सांगितलं. शिरूरला उतरेपर्यंत मी तो एसटीतच शोधला आणि पुढं दोन वर्षं 'मातीचा सुगंध', 'चुलीवरची भाकरी' असलं काहीबाही खरडलं. घरी गॅसवरची भाकरी खायची आणि चुलीचं कौतुक लिहायचं. वाचणारेही तसलेच. आमच्या गावात, न्हावऱ्यात, एक उन्हाळा काढायला लावला तर तिसऱ्या दिवशी पळतील.

मग न्हावऱ्यात आई वारली.

आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर भाषणं होतात. माणूस कुणाचंही गेलेलं असो, माईक पुढाऱ्याच्या हातात. कावळा पिंडाला केव्हाच शिवला होता, पण दौंडकडचे एक साहेब यवतचा दहावा उरकून यायचे होते, म्हणून आम्ही सगळे उन्हात बसून. साहेब आले आणि घाईघाईत बोलले, 'मनमिळाऊ, धार्मिक स्वभाव. सोसायटीच्या संचालक म्हणून त्यांचं मार्गदर्शन आम्हाला कायम लाभलं.' संचालक माझा थोरला भाऊ आहे. आईला तर मत कुणाला द्यायचं हेसुद्धा कधी कुणी विचारलं नाही, चिन्ह सांगून जीपमध्ये बसवायचे. तरी लोकांनी माना डोलावल्या आणि भावानं हात जोडले. मला त्या सगळ्यांची किळस आली. माझी आई गेली होती आणि तिच्याबद्दल एक खरं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

त्याच आठवड्यात जुने सुगंधी लेख उडवले आणि आईबद्दल लिहिलं. कांद्याच्या चाळीच्या दारात उभी राहून, कुठल्या कोपऱ्यात कांदा सडलाय ते ती नुसत्या वासावर सांगायची. म्हशीला शिव्या घालत धार काढायची, आणि म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. साहेबांचं भाषणही जसंच्या तसं टाकलं.

भावाचा फोन आला. "आईला शिवराळ बाई करून टाकलीस व्हय? काढ ते. लोकं काय म्हणतील?"

"लोकं काय म्हणतात ते घाटावर ऐकलंय की," मी म्हणालो आणि फोन ठेवला. आपल्याला आता खरं लिहायचंय, हेतू सापडला, असं वाटून मी चार दिवस छाती काढून फिरलो.

रविवारी गावी गेलो. भावानं आबांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे, गाऱ्हाणं नेलंच होतं. "वाच," आबा म्हणाले. मी वाचून दाखवलं. कांद्याचं ऐकून हसले.

"माझं बी आत्ताच लिही," ते म्हणाले. "मी हाय तवर. त्या भाषणवाल्यांच्या तोंडचं मला नको."

"लिहितो की."

"आन् मी तिला मारायचो, ते बी लिही. ते तू कुठंच लिहिलं न्हाईस."

मला माहीत होतं. भावालाही माहीत होतं. लिहिताना ते माझ्या मनात आलं होतं, आणि मी कांद्याकडं वळलो होतो.

साहेबांची लक्तरं काढायला मला एक संध्याकाळ पुरली. हे एक वाक्य लिहायला तीन महिने पुरलेले नाहीत. आबा दर रविवारी विचारतात, "झालं का?" मी म्हणतो, "चाललंय."