सासूबाईंचा फोटो आणि खंडेनवमीचा प्रिंटर

भिंतीवर लावायचा आपला फोटो सासूबाईंना जिवंतपणीच बघायचा होता. पुढचं सगळं रामायण घडलं ते या एका इच्छेपायी.

इच्छेला कारण होतं मिरजगावची त्यांची थोरली बहीण. ती गेली तेव्हा घाईगडबडीत कुणाला तिचा धड फोटो सापडला नाही. मग कुठल्याशा लग्नाच्या पंगतीतला फोटो मोठा करून आणला. त्यात मावशी जेवत होत्या. आता त्या चंदनी हार घालून भिंतीवर आहेत, गालात घास आहे आणि खांद्यापाशी वाढप्याचा हात बुंदीसकट आलेला आहे. वर्षश्राद्धाला जाऊन आल्यावर सासूबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "जलमभर दुसऱ्याला वाढलं तिनं, आन् आता कायमची घास धरून बसवलीय. माझं तसं करू नगा. माझा फोटू मी बघूनच जानार हाय."

आमच्या सोनईत फोटोचं दुकान आहे. तिथं जाऊन बसलं असतं, तर चहा गार व्हायच्या आत काम झालं असतं. पण आमच्या घरी इंकजेट प्रिंटर आहे आणि त्या प्रिंटरचे भक्त म्हणजे आमचे हे. मुलीचा अभ्यास घरून चालायचा तेव्हा तो घेतला. मुलगी शिकून पुण्याला गेली, प्रिंटर राहिला. आठवड्यातून एकदा रंगीत कागद काढला नाही तर शाई आतल्या आत वाळते, असं यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून दर सोमवारी आमच्याकडे एक पोपट छापला जातो. हिरवं अंग, लाल चोच, पिवळी मान, म्हणजे सगळे रंग वाहते राहतात. डब्यांखाली पोपट, कपाटात पोपट, शेजारणीला शेंगा दिल्या तर त्याही पोपटात. "घरात मशीन असताना दुकानात जायचं म्हणजे घरात विहीर असून टँकर मागवायचा," असं हे म्हणाले, आणि मी कपाळाला हात लावला.

सासूबाईंना हिरवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं. हसायचं की नाही यावर त्यांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाल्या, "हसले तर लोक म्हनतील म्हातारी सुटली. न्हाईच हसत." फोटो मात्र सुंदर आला. मोबाईलवर पाहून त्या स्वतःच म्हणाल्या, "हां, ही मी."

छापल्यावर मात्र त्या 'ही मी' राहिल्या नाहीत. दिवाळीत आम्ही मुलीकडे जाऊन राहिलो होतो, त्या दिवसांत पोपटांचा खाडा झाला आणि पिवळी शाई वाळून बसली. कागदावर सासूबाई जांभळ्यानिळ्या आल्या, अंगावर आडव्या रेघा. त्यांनी कागद हातभर लांब धरला. "मेल्यावर काढलाय का रं ह्यो?" यांनी प्रिंटरला आतून साफ करायचा हुकूम दिला. तो बराच वेळ कुरकुरला, घरघरला, पुन्हा रेघांचा नमुना काढला, पुन्हा घरघरला. त्याच्या एवढ्या मिनतवाऱ्या माझ्या बाळंतपणातही कुणी केल्या नव्हत्या, आणि हे मी बोलूनही दाखवलं. शेवटी पोपटाची मान पिवळी झाली. यांनी टाळी वाजवली.

मग चकचकीत फोटो कागद आणला, आणि यांनी तो उलटा घातला. त्याची एकच बाजू शाई धरते. दुसऱ्या बाजूवर ती नुसती डबक्यासारखी उभी राहते. रंग झकास आला होता, पण वाळेना. हे काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. "वाळेल," म्हणाले आणि फोटो ओसरीवर पाटावर भिंतीला टेकवून ठेवला. ओल्या शाईवर चिलटं बसायला लागली, म्हणून शेजारी उदबत्ती लावली. मी हे सगळं बघत होते आणि काय होणार ते मला दिसत होतं, पण ज्याला सांगायचं तो माणूस पंखा आणायला गेला होता.

तेवढ्यात शेजारीण विरजण मागायला आली. पाट, फोटो, उदबत्ती. वाटी तिच्या हातातून सुटली आणि तिनं असा हंबरडा फोडला की समोरच्या घरातली माणसं रस्त्यावर आली. "आसं कसं वो झालं! सकाळीच तर बोल्ले मी त्यांच्याशी!" आवाज ऐकून सासूबाई लसूण सोलता सोलता बाहेर आल्या. "काय झालं गं? कोन गेलं?" शेजारीण त्यांच्याकडं बघून दुप्पट जोरात किंचाळली. चहा पाजून, पाठ चोळून तिला घरी पाठवलं, तोवर गल्लीतली चार माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी होती. सासूबाईंनी सगळ्यांना आत बोलावून चहा दिला. नंतर मला म्हणाल्या, "बरी रडली गं ती. मला वाटलं न्हवतं." त्या दिवशी त्या खुशीत होत्या.

तिसऱ्या खेपेला कागदाची बाजू बरोबर होती. प्रिंटरला कागद कुठला आहे तेही सांगितलं होतं. शाई वाळली, लुगड्याचा हिरवा हिरवाच आला, सुरकुत्या सुरकुत्यांच्या जागी. फक्त कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, जरासा डावीकडे, एक लाल ठिपका उमटला होता.

"डाग!" हे ओरडले. दुसरा काढला, त्यालाही तिथंच डाग. चवथ्या रंगाची नळी फुटली असेल, असं काहीतरी पुटपुटत यांनी बॅटरी लावून प्रिंटरच्या मागच्या फटीत पाहिलं, चिमटा घातला आणि एकेक ऐवज बाहेर काढायला लागले. अक्षता. झेंडूची सुकलेली पाकळी. आणि बोटाला लागलं ते कुंकू.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळे, फवारणीचा पंप, मोटारसायकल, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडतात आणि हे पूजा करतात. त्या वर्षी भक्ती अंमळ जास्त झाली होती. कागद घालायची मागची फट वरून उघडीच असते. प्रिंटरला त्यांनी मूठभर हळदकुंकू वाहिलं होतं, ते सगळं त्याच्या पोटात गेलं होतं आणि एवढ्या घरघरीनंतर आता रबरी रुळाला येऊन चिकटलं होतं. मला हसू आवरेना. हे मान खाली घालून ओल्या फडक्यानं रूळ पुसत बसले, आणि मग जो फोटो निघाला त्यात काढायला एक खोट नव्हती.

हे तो घेऊन आईपुढं गेले. तर त्यांच्या मांडीवर तो डागाळलेला फोटो होता. मघाशी फेकला होता, तो त्यांनी उचलून घेतला होता.

मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीच सासरे वारले होते. सासूबाईंचं कपाळ मी मोकळंच पाहिलेलं. हळदीकुंकवाला बायका आल्या की त्या उठून मागच्या अंगणात जायच्या, काहीतरी काम काढून. मी इतकी वर्षं त्यांना जाऊ दिलं.

"आई, ह्यो बघ, ह्यो चांगला आलाय," हे म्हणाले.

त्यांनी पाहिला. "चांगला हाय. ठिव कपाटात."

"आणि भिंतीवर?"

"ह्योच," त्या म्हणाल्या. "ही मी हाय."

हे काही बोलायला लागले होते, डाग वगैरे. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते हातातला फोटो कपाटात ठेवायला गेले. मग मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, कारण मला रडू आलं होतं.

डागाचा फोटो फ्रेम करून ओसरीवर लावला. येणारे जाणारे बघतात, काही चाचरतात, सासूबाई त्यांना पाणी देतात.

यंदाच्या खंडेनवमीला ओसरीवर पूजा मांडली तेव्हा यांनी प्रिंटरच्या फटीवर आधी फडकं घातलं, मग लांबून एक फूल वाहिलं. करंडा पाटावर उघडा होता. सासूबाई आल्या, त्यांनी चिमूटभर कुंकू घेतलं. मला वाटलं कोयत्याला लावतील. बोट कपाळाला नेऊन त्यांनी फोटोकडं एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडं तोंड केलं.

"फोटूवानी आलं का गं?"

जरा डावीकडं आलं होतं. फोटोतही तसंच आहे.

"आलं," मी म्हटलं.