बदलीच्या गावच्या मैत्रिणी

"फेक है. चलो, उडा दो," अरोरा सर स्क्रीनकडे बघत म्हणाले. ते माझे बॉस. गुरुग्रामच्या ऑफिसात आमची टीम एका सोशल नेटवर्कवरची खोटी खाती हुडकते.

आमची कसोटी साधी होती. खऱ्या माणसाचे मित्र बहुधा एकमेकांनाही ओळखतात. शाळेतले शाळेतल्यांना, सोसायटीतले सोसायटीतल्यांना. याला आम्ही क्लस्टरिंग म्हणतो. खोटं खातं दिसेल त्याला रिक्वेस्ट पाठवतं, त्यामुळे त्याच्या मित्रांची आपापसांत ओळख नसते. शैला सोनवणे यांचं क्लस्टरिंग शून्य होतं. भुजची एक मैत्रीण, कोचीची एक, जोरहाटची एक, अशी सगळी यादी. सिस्टिमने खातं बंद केलं होतं. त्यांचं अपील मी नाकारलं की ते कायमचं जाणार होतं.

नियमाप्रमाणे मी फोन लावला, हिंदीत. माझं कांबळे आडनाव ऐकताच बाई मराठीवर आल्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात.

"काकू, तुमच्या मैत्रिणी एकमेकींना ओळखत कशा नाहीत?"

"कशा ओळखतील? त्या आपापल्या गावच्या. बदल्या आमच्या ह्यांच्या व्हायच्या." मग म्हणाल्या, "जोरहाटची रुनू अंथरुणाला खिळलीय गं. रोज सकाळी मी तिला खालच्या बागेतल्या फुलाचा एक फोटो पाठवते. तिचा नवा नंबर माझ्याकडे नाही. तिला वाटेल, मी रुसले."

मला गलबलून आलं. पण गलबलून आलं म्हणून खातं उघडत नाही, पुरावा लागतो. आम्ही कोणाचे मेसेज वाचत नाही. उत्तरं येतात की नाही, एवढं दिसतं. काकूंना प्रत्येकीकडून वर्षानुवर्षं उत्तरं येत होती.

"सर, फेक अकाउंटशी इतकी वर्षं कोण बोलेल?" मी अरोरा सरांना विचारलं.

त्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. "मेरे पापा फौज में थे, यार. मम्मी की लिस्ट भी ऐसी ही होगी. रूल बदल दो."

नव्या नियमात उत्तरंही धरली. फौजी, नर्स, बँकवाले, अशी बरीच खाती सुटली. काकूंना कळवायला फोन केला, तर त्यांना आधीच कळलं होतं. रुनूने राहिलेल्या सगळ्या दिवसांचे फोटो मागितले होते, आणि काकू ते काढायला खाली बागेत उतरल्या होत्या.

यातून मी एवढंच शिकले: कोणी एकटं दिसलं म्हणून त्याला खोटं ठरवू नये. त्याची नुसती बदली झालेली असू शकते.