हिरव्या पडद्याचं रफू

आमच्या वस्तीसमोर पडदा लागला तो मॅचच्या तीन दिवस आधी. देशोदेशीचे संघ आपल्याकडे खेळायला आले होते आणि त्यातली एक मॅच नागपूरला होती. आमची घरं बेसाकडे जाणाऱ्या फाट्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून आहेत. खेळाडूंची बस याच रस्त्याने जाणार होती. म्हणून बांबू रोवले आणि माणसापेक्षा उंच हिरवं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं. येण्याजाण्यापुरती एक फट ठेवली.

सोबत एक साहेब होता, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. मी विचारलं, "काहून लावून राहिले हे?"

"आजी, बाहेरदेशचे पाहुणे येऊन राहिले. सारं जग टीव्हीवर पाहणार. देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"मंग आमी का देशाच्या बाहेरचे आहो?"

तो कसनुसा हसला. शेजारची सून म्हणाली, "जाऊ द्या ना आजी. कपडे वाळू घालाले जागा झाली." सगळे हसले, मीही हसले. तेव्हा मला राग आला नव्हता. आमची नाली उघडी आहे, त्यात डुकरं लोळतात. पाहुणा येणार म्हटलं की मीही पसारा खाटेखाली लोटते.

राग आला तो आमच्या म्हाताऱ्यामुळे.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. चाळीस वर्षं तो सक्करदऱ्याकडे हातमागावर बसला. मागाशेजारी रेडिओ असायचा. मॅच लागली की ऐकत ऐकत धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायचा. आपला गडी आऊट झाला की त्याचा हात चुकायचा आणि लुगड्यात तेवढीच रेघ जाड यायची. घडी घालताना मी सांगायचे, इथे कोणीतरी आऊट झालं. पुढे माग बंद पडले, आम्ही इकडे राहायला आलो, त्याची छाती गेली. दहा पावलं चालला की दम लागायचा. दिवसभर दारातल्या खाटेवर बसून रस्ता पाहायचा. एवढं आयुष्य मॅच ऐकली, पण खेळाडू डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. बस दारावरून जाणार हे कळल्यापासून त्याचं एकच चाललं होतं.

"खिडकीत एखादा तरी दिसंल. कोणत्या बाजूनं बसत असतीन वं ते?"

"मले काय माहीत? मी का ड्रायवर आहो?"

पडदा लागला आणि खाटेवरून फक्त हिरवं कापड दिसू लागलं. पण त्यात एका जागी फाटलं होतं. लावताना खिळ्यात अडकलं असेल. वीतभर फाट होती. मी खाट हातभर सरकवली तर बसल्या जागेवरून त्याला त्यातून रस्ता दिसायला लागला. "बस, एवढं पुरे," तो म्हणाला. त्या दुपारी जाणारी प्रत्येक गाडी त्याने मला सांगितली.

बस जायच्या दिवशी सकाळी मी टँकरवर पाणी आणायला गेले. परत आले तर म्हातारा पडद्यापाशी, एका हाताने बांबू धरून, धापा टाकत उभा. दुसऱ्या हातात सुई. फाटलेलं शिवत होता. शिवत म्हणजे साधे टाके नव्हते. एक धागा वरून, एक खालून, मागावर बसल्यासारखं भरत होता. फाटलं कुठे होतं ते शोधून सापडलं नसतं.

"हे काय करून राहिले तुमी?"

"फाटलं होतं वं."

"फाटलं होतं म्हणूनच तर दिसून राहिलं होतं."

"साहेब आला होता. म्हणे, पाहुण्यांले फाटकं दिसलं तर बरं नाही. माणूस पाठवतो म्हणे. तो माणूस सुतळीनं बांधून गेला असता. कापड आहे ना हे, पोतं आहे का?"

"अन् तुमची बस?"

त्याने पुढचा धागा ओढला. "येण्याजाण्याच्या फटीतून पाहू."

विणकराच्या समोर फाटकं कापड आलं की त्याचा हात थांबत नाही. आपण पडद्याच्या कोणत्या बाजूला आहोत, ते तो विसरला. मी कात्री आणली. त्याने माझा हात धरला. "राहू दे. हिंदुस्थानात फाटकं लावते, असं नको म्हणाले पाहिजे त्याईनं." मी त्याचं ऐकलं. ऐकायला नको होतं.

दुपारी त्याला धरून फटीपर्यंत नेलं. दहा पावलं, थांब, परत दहा पावलं. तिथे पोलीस उभा होता.

"आजी, बस जाईपर्यंत बाहेर निघायचं नाही."

"निघत नाही. इथूनच पाहते हा."

"मले ऑर्डर आहे."

त्याने फटीवरही कापड ओढलं. सायरन वाजला. गाड्या गेल्या, त्यांच्या वाऱ्याने पडदा आत फुगला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाला लागला. मग रस्ता शांत झाला. तो तसाच उभा राहिला.

खाटेवर आणून बसवल्यावर त्याने विचारलं, "तुले दिसली का वं?"

मला काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. पोलिसाच्या काखेतून."

"कोणत्या रंगाची?"

"निळी."

"खिडकीत कोणी होतं?"

"होता एक. त्यानं हात हलवला."

"इकडे पाहून?"

"इकडेच."

संध्याकाळी शेजारच्या टीव्हीवर सांगत होते की पाहुण्यांना आपलं शहर फार आवडलं, जगात देशाचं नाव झालं. झालंही असेल. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही.

म्हातारा त्यानंतर दोन महिने जगला. भेटायला येईल त्याला बसची गोष्ट सांगायचा. काटोलहून माझा भाऊ आला, त्यालाही सांगितली. "विचार हिले," म्हणायचा, आणि मी मान हलवायचे. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलताना धाप लागायची. एका दुपारी त्याने मला खाटेजवळ बोलावलं. मग म्हणाला, "त्यानं हात हलवला म्हंजे पडद्यामागं माणसं राहतात, हे त्याले समजलं असंल."

मी म्हटलं, "समजलं असंल."