जुळ्यांचा डाव

माझ्या थोरल्या नणंदेइतक्या लग्नपत्रिका अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी जमवल्या नसतील, आणि तिच्याइतक्या लग्नांना उशिरा कुणी पोचलं नसेल. पत्रिका हातात पडली की वन्सं आधी कागद चिमटीत धरून त्याची जाडी बघायच्या. कोण कुणाशी लग्न करतंय, हा प्रश्न मागाहून. कागद जाड आणि मागची बाजू कोरी निघाली, तर संध्याकाळपर्यंत पत्रिकेचे पत्त्यांएवढे तुकडे झालेले असायचे. एकदा आम्ही दोघी कल्याणला लग्नाला गेलो. स्टेशनबाहेर रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "हॉल कुठला?" वन्संनी पिशवीतून पत्रिकेचा उरलेला तुकडा काढून उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "हॉल कापला गेलाय गं. पण खाडीच्या बाजूला कुठेतरी आहे." दुसऱ्या हॉलमधली नवरी ओळखीची वाटली म्हणून आम्ही तिथे अक्षता टाकल्या, जिलबी-मठ्ठ्यासकट जेवलो आणि पान खाताना कळलं की हे लग्न दुसऱ्याच कुणाचं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालेलं. वन्सं मात्र मुलीच्या काकांना विचारत होत्या, "दारातल्या टेबलावर तुमची पत्रिका बघितली. एखादी जास्तीची आहे का? कागद छान आहे."

हे सगळं कशासाठी, तर एका खेळासाठी. वन्सं वर्तकनगरच्या वसाहतीत राहायच्या आणि औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायच्या. शिक्षण अकरावीपर्यंत. वसाहतीतली इंग्रजी शाळेत जाणारी पोरं मराठीच्या पेपरात 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर' यांचा गोंधळ घालतात, हे त्यांच्या कानावर आलं. कानाला सारखे, अर्थाला वेगळे, अशा शब्दांना वन्सं 'जुळे' म्हणायच्या. त्यांनी एकेका शब्दाचा एकेक पत्ता केला, खाली चित्र काढलं. पत्ते पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जुळे सापडले की दोघांना एकाच वाक्यात बसवून दाखवायचं. वाक्य जमलं नाही तर जुळे परत झोपवायचे. 'दीन'खाली त्यांनी स्वतःच्या भावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा चेहरा काढलेला, आणि 'शीर'खाली कपाळावर टच्च फुगलेली एक शीर. ती कुणाची, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

या खेळाच्या बाबतीत मी वन्संशी एक लबाडी केली. ती कबूल करायला मला तीसेक वर्षं लागली, आणि आता एकच प्रश्न उरलाय, की त्या मला माफ करणार की नाही.

तेव्हाची मी कशी होते, ते सांगते. मराठी घेऊन बी.ए., डोंबिवलीच्या शाळेत नवी नोकरी, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये कायम लाल पेन. लोकांच्या घरी गेले तरी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या चुका दुरुस्त करायची. तेव्हाची मी मला आत्ता भेटले, तर मी जिन्यातूनच परत फिरेन. या विदुषीनं वन्संचा खेळ बघितला आणि निकाल दिला, "वन्सं, यात शास्त्र नाही. प्रत्येक पत्त्याची पाठ वेगळी. मुलं पाठीवरूनच ओळखतात." खरंच ओळखायची. "मुंजीच्या पत्रिकेमागे शीर आहे," असं एकमेकांच्या कानात सांगायची. वन्सं म्हणाल्या, "ओळखू देत की, मास्तरीणबाई. लक्षात तर राहिलं ना?"

पुढच्याच वर्षी तालुक्याचं शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आलं आणि प्रत्येक शिक्षकानं काहीतरी मांडावं, असा हुकूम निघाला. मला काही सुचेना. रविवारी वर्तकनगरला गेले होते. वन्सं स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होत्या. फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यांतून मी एक अख्खा डाव उचलला आणि पर्समध्ये टाकला. प्रदर्शनात पत्ते हलू नयेत, परीक्षकांना नीट दिसावेत, म्हणून घरी थर्माकोलच्या पाटीवर सगळे ओळीनं डिंकानं चिकटवून टाकले. खाली सुवाच्य अक्षरात माझं नाव. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "बाई, मांडणी फार नेटकी." ती पाटी पुढे शाळेतल्या कपाटावर धूळ खात पडली आणि कधीतरी गेली.

इकडे वन्संनी घर पालथं घातलं. शेवटी त्यांनी ठरवलं, की हे काम भावाचं. त्यांच्याकडे आला की रद्दी बांधून द्यायची खोड होती त्याला. तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळताना त्या विचारायच्या, "काय रे, यंदा कुणाची रद्दी केलीस?" आमच्या ह्यांना सगळं माहीत होतं. पण पाटावर बसून मान खाली घालायचे आणि करंजी खायचे. परतताना मी म्हणायचे, "सांगून टाकू का हो?" तर म्हणायचे, "राहू दे गं. माझ्यावर तिचा राग दिवाळीपुरता असतो. तुझ्यावरचा पुरून उरेल." ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली.

यंदा वसाहत पाडायला निघाली. नवी इमारत होईपर्यंत वन्संना दोन गल्ल्या सोडून भाड्याचं घर मिळालं. सामान बांधायला मी गेले. बिस्किटांचे डबे निघाले, तसं त्या सवयीनं म्हणाल्या, "यातला एक डाव माझ्या भावानं घालवला." माणूस नाही आणि बोलणं अजून चालू. मला राहवलं नाही. तिथेच खोक्यावर बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे तो नव्हता," वन्सं म्हणाल्या.

"नव्हते."

"एवढी वर्षं मी त्याला ओवाळताना टोचून बोलले."

त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण दाबून लावलं. मग विचारलं, "पोरं खेळली का तरी त्याच्याशी?"

"नाही. पत्ते चिकटवलेले होते."

त्यावर मात्र त्यांचा चेहरा पार उतरला. बक्षिसाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. "चिकटवलेस," एवढंच म्हणाल्या आणि दोरीची गाठ मारत राहिल्या. "ऊठ, तुझी गाडी चुकेल."

तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. चौथ्या आठवड्यात त्यांचाच आला. "बुधवारी ये. येताना कात्री आण, माझी बोथट झालीय."

गेले. माफीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सतरंजीवर पत्रिकांचा ढीग होता. हल्ली आमंत्रणं मोबाइलवर येतात, म्हणून वन्सं कोपऱ्यावरच्या छापखान्यातून चुकीच्या छापलेल्या पत्रिका मागून आणतात. चहासुद्धा न विचारता त्यांनी मला कापायला बसवलं. शब्द मी लिहिले, चित्रं त्या सांगतील तशी काढली. "शिर मोठं काढ. तुझं असायचं तेवढं." संध्याकाळपर्यंत अख्खा डाव झाला. माझ्या बोटांना फोड आले आणि वन्सं एकदाही दमलीस का म्हणाल्या नाहीत.

मग शेजारपाजारची चार-पाच मुलं आली, पत्ते पालथे मांडून बसली. एका चिमुरडीनं माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या आजी पण खेळणार?"

"माझी भावजय आहे ती," वन्सं म्हणाल्या. "शाळेत बाई होती, पण घेऊया खेळायला."

गुडघे सांभाळत मी खाली बसले. माझी पाळी आली, तसा हात पत्त्यावर नेला आणि तो तिथेच घुटमळला. आपण उचलावा की नाही, कळेना.

"उचल गं," वन्सं म्हणाल्या. "इथे काही चिकटवलेलं नाही."