लोड झोपलाय

झोपलेलं बाळ मांडीवरून पाळण्यात कसं ठेवावं, हे उभ्या भिलाईत एकाच माणसाला कळतं आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या क्वार्टरमध्ये. हे काका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली. तिथे त्यांचं काम एकच, वर क्रेनमध्ये बसलेल्या माणसाला खालून हातांनी इशारे करायचे. गोंगाट एवढा की ओरडून उपयोग नाही, म्हणून सगळी बोली हातांची. त्या गोंगाटाने काकांचे कान गेले, आणि कान गेले म्हणून आवाज चढला. "चहा झाला काय व पोरी?" एवढं साधं वाक्य त्यांनी जिन्यावरून टाकलं की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहतात. आमचं बाळ तर उठतंच.

यावर तोडही त्यांनीच काढली. एकदा बाळाला थोपटून थोपटून मी कसंबसं झोपवलं होतं. पाय बधिर झालेले, थोरली मनू पाठीला लोंबकळलेली, आणि काका दारात उभे. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी हात जोडले. त्यांनी तोंड मिटलं, चपला काढल्या, बाळाला नीट न्याहाळलं आणि एक पंजा हवेत उचलला. त्या पंजात असा काही हुकूम होता की मी मुकाट्याने उठले. बोटं हलली, मी सरकले. मूठ मिटली, मी थांबले. तळहात हळूहळू खाली आला तसं बाळही पाळण्यात उतरलं आणि ढिम्म हललं नाही. शेवटी त्यांनी दोन्ही हातांची छातीवर फुली केली, म्हणजे काम संपलं. लग्न झाल्यापासून मी कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

मग ते रोजचंच झालं. बाळाला ते बाळ म्हणत नाहीत, लोड म्हणतात, म्हणजे क्रेनला लटकलेला भार. "लोड डुलून राहिला, घाई नोको करू." भाराखाली कुणी उभं राहायचं नाही, म्हणून पाळण्याखालून मांजर हाकलतात. एकदा सिविक सेंटरच्या बाजारातून येताना बाळ ऑटोत झोपलं, तर काकांनी ऑटोवाल्याला कोपऱ्यावरच इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायला सांगितलं. मात्र ते त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की बाळ तिथेच उठलं. पण त्यांचा पहिला नियम वेगळाच होता. भार हलत असताना आत कुणी येता कामा नये, आधी दाराला कडी. दाराच्या तळाची कडी मनूच्या हाताला येत असे, त्यामुळे हे मानाचं काम तिच्याकडे. तीन वर्षंही पूर्ण न झालेली पोरगी गंभीर चेहऱ्याने कडी घालायची आणि काका तिला सलाम ठोकायचे. मला या सगळ्याची मोठी गंमत वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होते. बाळ आत दिवाणावर झोपलेलं, दोन्ही बाजूंना उशा, पुढचं दार आतून बंद. एवढ्यात मागच्या दाराची कडी आतून सरकल्याचा आवाज आला. मी हाक मारली, पण आत कूलर घरघरत होता. खिडकीशी धावले आणि जाळीतून पाहते तो काय, मनूने एक उशी काढून खाली ठेवली होती आणि बाळाच्या दोन्ही काखांत हात घातले होते. नजर पाळण्यावर. मध्ये उघडी फरशी. मी जीव खाऊन ओरडले तेव्हा कुठे तिने मान वळवली, ओठांवर बोट ठेवलं आणि मलाच दटावलं, "श्श! तुम बाहर रहो. लोड सो रहा है."

मी वर तोंड करून काकांना हाक मारली. बहिऱ्या माणसाला ती कशी ऐकू गेली देव जाणे, पण ते अनवाणी धावत आले. त्यांनी मला बाजूला सारलं. बाळाचं अर्धं अंग एव्हाना दिवाणाबाहेर आलं होतं. काका ओरडले नाहीत. त्यांनी खिडकीच्या उन्हात हात धरला आणि त्याची सावली मनूच्या समोर चादरीवर हलवली. तिने वर पाहिलं. काकांनी मूठ मिटली.

मनू थांबली. बाळ तसंच लोंबकळत होतं आणि माझा श्वासही. मग काकांचा तळहात सावकाश खाली आला आणि मनूने बाळाला गादीवर टेकवलं. बोटांनी इशारा केला तसं तिने त्याला आत सरकवलं. काकांनी छातीवर फुली केली, पण तिने पाळण्याकडे बोट दाखवून मान हलवली. तिचं काम संपलं नव्हतं. काकांनी ती फुली मोडली नाही. शेवटी ती रुसून दाराकडे आली आणि कडीशी कितीतरी वेळ झटत राहिली. कडी सरकली तशी मी आत धावले.

मनूला मी छातीशी धरलं आणि त्याच वेळी खूप रागावले. बाहेर काका धुण्याच्या दगडावर बसले होते. हात काखेत घट्ट दाबलेले. "मीच शिकवलं व तिले. कडी लावाले बी मीच शिकवलं," ते म्हणाले. मनातून मी त्यांच्यावर चिडले होते, खोटं कशाला सांगू. त्यांना पाणीसुद्धा न विचारता मी दार लावून घेतलं.

त्यानंतर काका खाली आले नाहीत. जिन्यावरचा आवाजही थांबला. बाळ दुपारभर झोपू लागलं, आणि इतके दिवस जिच्यासाठी नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता, ती शांतता मला खायला उठली. मनू येताजाता जिन्याकडे बघायची. शेवटी एकदा बाळ मांडीवर झोपलेलं असताना मीच तिला वर पाठवलं. काका आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. हात पाठीमागे.

"काका, सांगा ना," मी पाळण्याकडे मान वळवून नुसते ओठ हलवले.

"नाही व पोरी. हे हात आता भरवशाचे नाही राहिले," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मग मी एकटीच उठले. पाळण्यापर्यंत गेले आणि तिथे माझं कोपर दांडीला लागलं. बाळ दचकून जागं झालं आणि त्याने भोकाड पसरलं. मी ओशाळून काकांकडे पाहिलं. त्यांनी त्यातल्या त्यात बरा कान आत वळवला होता आणि डोळे भरून आले होते.

"रडू दे!" ते त्यांच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले. "पाह्य, कसा खणखणीत रडून राहिला!"

बाळ आणखीच जोरात रडू लागलं. काका चौकट धरून ऐकत उभे राहिले, आणि त्याला गप्प करायची घाई मीही केली नाही.